शेअर्ड ओनरशिपचं घर घ्यावं का, आणि घ्यायचंच तर कुठल्या स्कीममधलं?

नमस्कार. एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नवरा-बायको इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊला दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, भाडं महिना १,६५० पाउंड, मुलगी दहा वर्षांची, मुलगा पाचचा, दोघांना गेल्या वर्षी आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) मिळालाय, त्याचा पगार ५२,०००, तिचा पार्टटाइमचा १८,०००, आणि साठवलेले ३२,०००. तीन घरं बघून झालीत. एक ब्रॅकनेलजवळच्या नव्या वसाहतीतलं तीन बेडरूमचं घर, पूर्ण किंमत ४,२०,०००, त्यातला ४०% हिस्सा शेअर्ड ओनरशिपने, म्हणजे तेवढाच हिस्सा विकत घ्यायचा आणि उरलेल्यावर भाडं भरायचं. दुसरा हाउन्स्लोचा जुना फ्लॅट, तोही शेअर्ड ओनरशिपचाच पण रिसेलचा. तिसरं रेडिंगचं दोन बेडरूमचं टेरेस घर, ओपन मार्केटमधलं, म्हणजे नेहमीसारखं पूर्ण विकत घ्यायचं, ३,३०,०००. शिवाय कुणीतरी फर्स्ट होम्स ह्या सवलतीच्या घरांच्या स्कीमचं नाव सुचवलंय, आणि ग्लासगोचा मावसभाऊ म्हणतोय की आमच्याकडे उरलेल्या हिश्श्यावर भाडंच लागत नाही, तुम्ही कशाला भरताय. आणि सगळ्यात शेवटी जाता जाता एक ओळ, की पुण्यात वाकडला एक फ्लॅट आहे, बाबांच्या आणि नवऱ्याच्या नावावर, आई-बाबा तिथेच राहतात.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण बाकी सगळं गणित तिच्यावर अडलंय. मी आधी सहा वर्षं एका हाउसिंग असोसिएशनमध्ये (परवडणारी घरं देणाऱ्या संस्थेत) सेल्सला होते आणि गेली अकरा वर्षं मॉर्गेज म्हणजे गृहकर्जाची अ‍ॅडव्हायझर म्हणून काम करते, आणि आपल्या लोकांच्या फायली सगळ्यात जास्त जिथे अडकतात ती जागा म्हणजे गावाकडचं किंवा पुण्या-मुंबईचं घर. लोकांना वाटतं ते भारतातलं आहे, इथे कोण विचारतंय. इथे सगळेच विचारतात. फर्स्ट टाइम बायर म्हणजे ज्याच्या नावावर जगात कुठेही कधीही घर नव्हतं असा माणूस, अर्धा हिस्सा असला तरी तो धरतात, वारसाने आलेलं घरसुद्धा धरतात. म्हणजे तुमचे मिस्टर फर्स्ट टाइम बायर नाहीत आणि आता कधी होऊही शकत नाहीत, तो फ्लॅट उद्या कुणाच्याही नावावर केला तरी. ह्यामुळे फर्स्ट होम्स तुमच्यासाठी तिथेच संपलं, आणि स्टॅम्प ड्युटीतली फर्स्ट टाइम बायरची सवलतही गेली.

शेअर्ड ओनरशिपचं तसं नाही. तिथे पूर्वी घर असलेला माणूसही चालतो, अट एवढीच की आता त्याला गरजेपुरतं घर ओपन मार्केटमध्ये परवडत नसावं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८०,००० च्या आत असावं (लंडनमध्ये ९०,०००), आणि इथलं घर ताब्यात येईल त्या दिवशी त्याच्या नावावर दुसरं घर नसावं. अर्जातच विचारतात, परदेशातलं धरून. लपवायचा विचार मनातही आणू नका, मॉर्गेजच्या अर्जात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे आणि तुमच्या बँक स्टेटमेंटमध्ये वाकडच्या सोसायटीचा मेंटेनन्स दर तीन महिन्यांनी दिसतोच.

ह्यावर पुढचा प्रश्न काय येतो तेही मला ठाऊक आहे, की मग घर एकट्या बायकोच्या नावावर घेऊ का. तर सरकार एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला स्टॅम्प ड्युटीच्या सरचार्जसाठी एकच धरतं. दुसरं घर असेल तर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५% जादा लागतात. तुमच्या ४०% हिश्श्याची किंमत १,६८,०००, म्हणजे नुसता सरचार्जच ८,४०० पाउंड, नेहमीची ड्युटी त्यावर वेगळी. साठवलेल्या ३२,००० मधले ८,४०० असेच गेले तर पुढचं सगळं ताणाचं होतं, आणि एकटीच्या १८,००० पगारावर मॉर्गेज किती मिळणार ते तर विचारायलाच नको.

आई-बाबांचं राहतं घर विका असं मी कुणाला सांगणार नाही आणि तुम्हालाही तसं करायचं नाहीये. मिस्टरांचा हिस्सा बाबांच्या नावावर करून देणं हा मार्ग आहे, पण त्याला दोन्हीकडचे कागद लागतात. पुण्यात वकिलाकडून नीट रजिस्टर्ड दस्त, नोटरी केलेला साधा कागद इथला सॉलिसिटर (घराचे कागद बघणारा वकील) मान्य करत नाही. आणि इथे टॅक्स अकाउंटंटला आधी विचारायचं, कारण तुम्ही इथले टॅक्स रेसिडेंट आहात आणि वडलांना फुकट दिलेला हिस्सासुद्धा बाजारभावाने विकल्यासारखाच धरून त्यावर कॅपिटल गेन्सचा हिशोब होतो. दस्त आधी करून मग अकाउंटंटकडे गेलेली मंडळी मी पाहिलीत, तोवर उशीर झालेला असतो. ह्या सगळ्याला तीन-चार महिने धरा, आणि तोवर कुठल्याही घराची रिझर्व्हेशन फी भरू नका.

आता स्कीमकडे येते. शेअर्ड ओनरशिप म्हणजे घराचा काही हिस्सा तुम्ही मॉर्गेज काढून विकत घेता, उरलेला हाउसिंग असोसिएशनकडे राहतो आणि त्यावर तुम्ही भाडं भरता. नव्या पद्धतीच्या लीजमध्ये (लीज म्हणजे असोसिएशनशी होणारा घराचा दीर्घ मुदतीचा करार) १०% पासून ७५% पर्यंत हिस्सा घेता येतो, जुन्यात किमान २५% होता. डिपॉझिट पूर्ण किमतीचं नाही, फक्त तुमच्या हिश्श्याचं ५ ते १०%. इथपर्यंत सेल्सवाले छान सांगतात, मीही तेव्हा सांगायचे. पण घर दाखवताना सगळं बोलणं तुमच्या ४०% बद्दल होतं. पुढची वीस-तीस वर्षं तुमच्या खिशाचं काय होणार ते मात्र उरलेले ६०% ठरवतात, म्हणून माझं सांगणं नेहमी एकच असतं की जो हिस्सा आपला नाही त्याचा हिशोब आधी करा.

तर करूया. ४०% म्हणजे १,६८,०००, त्याचं १०% डिपॉझिट १६,८००, मॉर्गेज १,५१,२००. ५% व्याजाने तीस वर्षं धरलं तर हप्ता ८१२ च्या आसपास. उरलेले ६०% म्हणजे २,५२,०००, त्यावर २.७५% दराने वर्षाचं भाडं ६,९३०, महिन्याला ५७८. वसाहतीचा चार्ज आणि इन्शुरन्स मिळून ७० धरू. एकूण १,४६०. आत्ताच्या भाड्यापेक्षा १९० कमी आणि वर तिसरी बेडरूम, म्हणून हे घर कुणालाही आवडतंच, आणि आवडण्यात काही चूक नाही.

पण हप्ता आणि भाडं ह्यांचा स्वभाव वेगळा. हप्ता फिक्स, म्हणजे ठरलेल्या व्याजाची मुदत, संपली की व्याजाप्रमाणे वरखाली होतो, पण मुद्दल दर महिन्याला कमीच होत जातं आणि एक दिवस संपतं. भाडं दरवर्षी वाढतं आणि तुम्ही हिस्सा वाढवला नाही तर कधीच संपत नाही. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या नव्या लीजमध्ये वाढ सीपीआय अधिक १% अशी असते, आधीच्यांमध्ये आरपीआय अधिक ०.५% (सीपीआय आणि आरपीआय हे दोन्ही महागाई मोजायचे आकडे). महागाई ३% धरली तर भाडं दरवर्षी ४% ने वाढणार, म्हणजे आजचे ५७८ दहा वर्षांनी ८५५. त्याच्या शेजारी रेडिंगचं टेरेस ठेवून बघा. ३,३०,००० च्या घराला तुम्ही फर्स्ट टाइम बायर नसल्यामुळे स्टॅम्प ड्युटीच ६,५०० लागेल (तेही पुण्याचं नाव निघाल्यावर), सॉलिसिटर, सर्व्हे, सामान हलवणं धरून दहा हजार जातील, हातात डिपॉझिटला २२,००० उरतील, मॉर्गेज ३,०८,०००. डिपॉझिट कमी म्हणून व्याज जरा जास्त, ५.३% धरलं तर हप्ता १,७१० च्या जवळ. म्हणजे आज ब्रॅकनेल महिन्याला अडीचशेने स्वस्त. पण ब्रॅकनेलचा एकूण खर्च ८१२ अधिक वाढत जाणारं भाडं अधिक वाढत जाणारे चार्जेस असा वर चढतो आणि आठव्या-नवव्या वर्षात रेडिंगच्या हप्त्याला गाठतो, पुढे मागे टाकतो. दहाव्या वर्षी रेडिंगवाल्याने साधारण ५५,००० मुद्दल फेडलेलं असतं आणि घर पूर्ण त्याचं, ब्रॅकनेलवाल्याने २८,००० फेडलेलं असतं आणि घर अजून ४०% च त्याचं. हिस्सा वाढवत गेलात तर हे चित्र बदलतं, त्याकडे येतेच.

हे नुसतं कागदावरचं वाटू नये म्हणून एक घरातली गोष्ट सांगते. मूळ सांगलीकडचं कुटुंब, पूर्व लंडनमध्ये २०१६ साली ३५% हिश्श्याने दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलेला, लीज जुन्या पद्धतीचं. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी मला घरी बोलावलं. किचनच्या टेबलावर मुलाची होमवर्कची वही बाजूला सारून दोन पत्रं ठेवलेली, एक भाडेवाढीचं, एक सर्व्हिस चार्जच्या, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या खर्चाच्या अंदाजाचं. मी म्हटलं लीज कुठेय. वहिनींनी बेडरूममधून सॉलिसिटरने दिलेला फोल्डर आणला, सात वर्षांत तो उघडलेलाच नव्हता, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यात रेंट रिव्ह्यूचं शेड्यूल काढून मी पेन्सिलने खूण केली, आरपीआय अधिक अर्धा टक्का. सप्टेंबर २०२२ चा आरपीआय होता १२.६%. म्हणजे लीजप्रमाणे त्या वर्षी १३.१% वाढ लावता आली असती. बऱ्याच असोसिएशननी त्या वर्षी आपणहून वाढ ७% वर थांबवली, ह्यांच्याही, म्हणून निभावलं. पण ते थांबवणं लीजमध्ये लिहिलेलं नव्हतं, पुढच्या वेळी कुणी थांबवेलच असं नाही. आणि खरा फटका भाड्याचा नव्हताच, सर्व्हिस चार्जचा होता, घेताना महिना १२८ होता तो २७१ वर गेलेला, लिफ्टचं काम, इन्शुरन्स, दरवाज्यांचं फायर सेफ्टीचं काम. हिस्सा ३५% पण सर्व्हिस चार्ज १००% तुमचाच, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दादा बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते त्या आकड्याकडे बघत बसले. मला अजून ते टेबल आठवतं आणि म्हणूनच मी प्रत्येकाला लीज घेण्याआधी वाचायला लावते, इंग्रजी अवघड वाटलं तर सॉलिसिटरकडून एकेक कलम समजून घ्या, त्याचेच तो पैसे घेतो.

म्हणून हाउन्स्लोच्या रिसेल फ्लॅटबद्दल माझं मत सरळ आहे, नको. तुम्ही लिहिलंय की लीज ९९ वर्षांचं आणि २००५ पासूनचं, म्हणजे २०२४ मध्येच ८० वर्षं उरली आणि आता त्याच्याही खाली गेलं. ८० च्या खाली गेलेलं लीज वाढवणं आजवर फार महाग पडत आलंय, २०२४ च्या लीजहोल्ड कायद्याने हे सोपं करायचं ठरलंय पण त्यातल्या सगळ्या तरतुदी लगेच लागू झालेल्या नाहीत. लेंडरही अशा लीजला हात आखडता घेतात. वर जुन्या लीजमध्ये दुरुस्ती सगळी तुमची, बॉयलरपासून बिल्डिंगच्या छपरातल्या वाट्यापर्यंत. बिल्डिंग उंच असेल तर क्लॅडिंगचे (बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाचे) कागद विचारायचे, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर ईडब्ल्यूएस-वन हा बाहेरच्या भिंतींच्या आगीपासूनच्या सुरक्षिततेचा फॉर्म नसल्यामुळे कितीतरी शेअर्ड ओनर वर्षानुवर्षं घर विकूच शकले नाहीत. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने ११ मीटरपेक्षा उंच इमारतींतल्या बऱ्याच लोकांना खर्चापासून संरक्षण मिळालं, पण कागद पूर्ण नसतील तर विक्रीला वेळ लागतोच. आता किंमत कमी दिसतेय ती ह्या सगळ्यामुळेच कमी आहे.

ब्रॅकनेलचं घर त्यापेक्षा पुष्कळ बरं, पण ते वर म्हटलेल्या नव्या पद्धतीच्या लीजवर आहे का हे लेखी विचारा. इमारत नवीन दिसतेय म्हणून लीज नवीन पद्धतीचं असेलच असं नाही. नवीन असेल तर लीज ९९० वर्षांचं, पहिली दहा वर्षं बाहेरची आणि स्ट्रक्चरची दुरुस्ती असोसिएशनकडे, आतल्या जरुरीच्या दुरुस्तीसाठी वर्षाला ५०० पाउंडपर्यंत मागता येतात, आणि विकताना असोसिएशनला स्वतः गिऱ्हाईक आणायला चारच आठवडे मिळतात, जुन्यात आठ होते. ह्या सगळ्याचा एक ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ नावाचा कागद देणं त्यांना बंधनकारक आहे. तो रिझर्व्हेशनच्या आधी मागा. फ्लॅटपेक्षा घर घ्या असं मी म्हणते त्याचं कारण दोन, सर्व्हिस चार्जमध्ये लिफ्ट-बिफ्ट नसते, आणि १००% झालात की बहुतेक घरांचं फ्रीहोल्ड (जमिनीसकट पूर्ण मालकी) तुमच्या नावावर होतं. वसाहतीतल्या रस्त्यांचा आणि बागेचा चार्ज मात्र त्यानंतरही चालू राहू शकतो, तो कोण ठरवतं आणि त्यावर मर्यादा आहे का हे सॉलिसिटरला विचारायला सांगा.

हिस्सा वाढवणं, ज्याला इथे स्टेअरकेसिंग म्हणतात, त्याबद्दल. नव्या लीजमध्ये एकावेळी किमान ५% घेता येतात, शिवाय पहिली पंधरा वर्षं दरवर्षी १% घेण्याची सोय आहे आणि त्या १% ला व्हॅल्युएशनची फी नाही, घराच्या किमतींच्या निर्देशांकावरून भाव ठरतो. मोठा हिस्सा घ्यायचा तर दर वेळी सर्व्हेअरचं व्हॅल्युएशन, सॉलिसिटर, मॉर्गेजची फी, हजार-दोन हजार सहज जातात. आणि भाव त्या दिवशीचा लागतो. आज १०% चे ४२,००० होतात, घर पाच लाखांचं झालं की तेच ५०,०००. म्हणून दरवर्षी चिमूट-चिमूट घेण्यापेक्षा मॉर्गेजचं फिक्स संपतं त्याच वेळी एकदम मोठा हिस्सा घेतलेला परवडतो, एकाच फीत दोन कामं होतात. खेड्यापाड्यात बघत असाल तर अजून एक विचारा, काही संरक्षित ग्रामीण भागात ८०% च्या वर हिस्सा घेऊच देत नाहीत, म्हणजे भाडं कायमचं. ब्रॅकनेलमध्ये ही अडचण येऊ नये, तरी कागदावर बघा.

भाड्याने देता येत नाही हेही लक्षात ठेवा. दोन वर्षं भारतात जाऊन येऊ, तोवर घर भाड्याने देऊ, हा आपल्यातला नेहमीचा विचार इथे चालत नाही, परवानगी क्वचितच मिळते. आणि भाडं थकवायचं नाही, कधीही नाही. कागदोपत्री तुम्ही त्यांचे भाडेकरू असता आणि थकलेल्या भाड्यापायी प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं, बऱ्याचदा लेंडर ती थकबाकी भरतो आणि तुमच्याच कर्जात टाकतो.

ग्लासगोच्या भावाचं बोलणं खरं आहे पण ती स्कीमच वेगळी. स्कॉटलंडमधली लिफ्ट (LIFT) नावाची स्कीम ही शेअर्ड इक्विटी, म्हणजे तुम्ही साधारण ६० ते ९०% भरता, उरलेला हिस्सा सरकारचा, त्यावर भाडं नाही, विकताना किंवा हिस्सा वाढवताना सरकार आपल्या टक्क्यांप्रमाणे पैसे घेतं. माझ्या मते कुटुंबासाठी ही रचना भाड्याच्या रचनेपेक्षा सरस आहे, पण घर आणि मुक्काम स्कॉटलंडमध्ये लागतो आणि कोणत्या वर्षी कुणाला मिळणार हे सरकारच्या बजेटवर असतं. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये को-ओनरशिप आहे, १९७८ पासून चालू, तिथे ५० ते ९०% हिस्सा घेता येतो, उरलेल्यावर भाडं, पण घर बाजारातलं तुम्ही स्वतः शोधायचं. इंग्लंडमध्ये भाड्याशिवायची अशी मोठी स्कीम म्हणजे हेल्प टू बाय होती, ती ३१ ऑक्टोबर २०२२ ला नव्या अर्जांना बंद झाली. तुमचे मित्र २०१७ ला घेतल्याचं सांगतात ती हीच, आता ती शोधत बसू नका, आणि त्यांनाही विचारा की सहाव्या वर्षापासून १.७५% फी सुरू झाली का, खूप जण ते विसरतात.

फर्स्ट होम्स तुम्हाला लागू नसलं तरी ज्यांच्या नावावर कुठेच घर नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण मिळालं तर ते शेअर्ड ओनरशिपपेक्षा चांगलं. बाजारभावापेक्षा किमान ३०% कमी किमतीत पूर्ण घर तुमचं, भाडं नाही. सवलतीनंतरची किंमत २,५०,००० च्या आत, लंडनमध्ये ४,२०,०००. साडेतीन लाखांचं घर २,४५,००० ला पडतं, १०% डिपॉझिट भरलं तर हप्ता ५% ने १,१८४ आणि बस्स. विकताना तेवढ्याच टक्क्यांनी कमी किमतीत विकायचं, ही अट पुढच्या मालकालाही लागू राहते. अडचण ही की घरं फार थोडी निघतात, बरीचशी लहान, आणि डिसेंबर २०२४ च्या प्लॅनिंगच्या नव्या धोरणाने बिल्डरवरची सक्तीही गेली. ह्याच्यासारखीच डिस्काउंटेड मार्केट सेल नावाची कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) घरं असतात, किमान २०% कमी भावाने, अटी प्रत्येक कौन्सिलच्या वेगळ्या, काही ठिकाणी फर्स्ट टाइम बायर असण्याची सक्ती नसते, म्हणून ब्रॅकनेल, स्लाऊ, विंडसर-मेडनहेड ह्या तिन्ही कौन्सिलच्या हाउसिंग टीमला तुम्ही एकेक ईमेल जरूर टाका. आणि लंडनमध्ये माइल एंडला सेंट क्लेमेंट्स इथे लंडन कम्युनिटी लँड ट्रस्टने २३ घरं त्या भागातल्या लोकांच्या पगाराशी किंमत बांधून विकली, मला वैयक्तिकरीत्या हाच विचार सगळ्यात पटतो, घराची किंमत पगाराला धरून, पण अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मार्च २०२४ मध्ये इथल्या संसदेच्या हाउसिंग कमिटीनेही शेअर्ड ओनरशिपवर अहवाल दिला, त्यात वाढती भाडी, मर्यादा नसलेले सर्व्हिस चार्ज आणि दुरुस्तीचा बोजा ह्याच तक्रारी आहेत. म्हणजे हे मी एकटी म्हणत नाहीये. तरीही मी दर वर्षी कितीतरी कुटुंबांना हेच घर घ्या म्हणून सांगते, कारण खाजगी भाड्याच्या घरात मुलांची शाळा कुठल्याही वर्षी बदलावी लागेल ह्या धास्तीत राहणं त्याहून वाईट.

मग तुम्ही काय करावं. रेडिंगचं टेरेस हिशोबाने पुढे आहे पण ३,०८,००० म्हणजे तुमच्या पगाराच्या ४.४ पट, गाडीचं लोन आणि मुलाच्या आफ्टर स्कूल क्लबचा खर्च धरला की लेंडर तेवढं देईल ह्याची मला खात्री वाटत नाही, आणि दिलं तरी हातात महिन्याला येणाऱ्या साधारण साडेचार हजारांतले १,७०० हप्त्यातच जातात. शिवाय दहा वर्षांची मुलगी आणि पाचचा मुलगा, तीन-चार वर्षांत तिसरी खोली लागणारच, म्हणजे पुन्हा घर बदलणं, पुन्हा स्टॅम्प ड्युटी. तुम्ही लिहिलंय की मुलगा जरा मोठा झाला की तुम्ही फुलटाइम जॉब घेणार आहात. ते पक्कं असेल तर मी ब्रॅकनेलचं घर घेईन, पण ४०% ने नाही, ५०% ने. हिस्सा २,१०,०००, डिपॉझिट २१,०००, मॉर्गेज १,८९,०००, हप्ता १,०१५, भाडं ४८१, चार्जेस ७०, एकूण १,५६६. आत्ताच्या भाड्यापेक्षा अजूनही कमी. तसंही ४०% च पाहिजे असं तुमच्या मनावर नसतं, असोसिएशन तुमची ऐपत तपासते आणि झेपेल तितका जास्त हिस्सा घ्यायला लावते, तेव्हा आपणच तयारीत गेलेलं बरं. ३२,००० मधून डिपॉझिट, थोडी स्टॅम्प ड्युटी, सॉलिसिटर वजा जाता पाच-सहा हजार हाताशी राहतील, ते राहू द्या, त्याचा सोफा आणू नका. मॉर्गेज पाच वर्षं फिक्स करा आणि ते संपेल तेव्हा दुसऱ्या पगारावर ७५% पर्यंत जायचं असं आत्ताच ठरवून ठेवा. तुमचा फुलटाइम नक्की नसेल, किंवा चार-पाच वर्षांत परत जायचा विचार मनात असेल, तर काहीच घेऊ नका, भाड्याने राहा, तेवढ्या काळात घर घेण्या-विकण्याचा खर्चही वसूल होत नाही.

मुलीच्या शाळेचंही एक, कारण तुम्ही स्लाऊच्या ग्रामर स्कूलचा (प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळेचा) उल्लेख केलाय. अकरावं सरायच्या आत पत्ता बदलला तर अ‍ॅडमिशनला कोणता पत्ता धरतात हे प्रत्येक शाळेचं वेगळं असतं, ३१ ऑक्टोबरच्या आत सेकंडरीचा फॉर्म जातो. घराच्या तारखा त्याच्याशी जुळवून बघा, मी दोन कुटुंबांची ह्यात धावपळ झालेली पाहिलीय.

आत्ता ह्या आठवड्यात तीनच कामं. पुण्याच्या वकिलाला फोन, इथल्या टॅक्स अकाउंटंटची वेळ, आणि ब्रॅकनेलच्या सेल्स ऑफिसला ईमेल की लीजचा मसुदा, ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ आणि वसाहतीच्या चार्जचा पुढच्या वर्षाचा अंदाज पाठवा. रिझर्व्हेशनच्या आधी हे कागद द्यायला कां-कूं करतात, तरी मागा, दोनदा मागा. लीज आलं की रेंट रिव्ह्यूचं पान उघडा आणि त्यात आरपीआय लिहिलंय की सीपीआय, आणि भाडं खाली येऊ शकतं की नुसतं वरच जातं, एवढं बघून मला सांगा, पुढचं बोलू.